पाचव्या शनिवारचं काय?

बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. कोर्टाने मुलाला भेटायला पहिला आणि तिसरा शनिवार दिला, आणि बाप बँकेत कारकून निघाला, तर त्याची पंचाईत होते. पण ती एका बापाची पंचाईत. सार्वत्रिक पंचाईत पाचव्या शनिवारची.

आदेशात स्वच्छ लिहिलेलं असतं : पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी 10 पासून रविवारी सायंकाळी 6 पर्यंत. पाचव्याबद्दल आदेश गप्प. तो येतो वर्षातून चार, फार तर पाच वेळा, पण येतो तो दोन वकील घेऊनच. अर्जदार म्हणतो, आदेशात मनाई कुठाय? जाबदार म्हणते, परवानगी तरी कुठाय? मग अर्ज, मग तारीख, मग 'समोरच्या पक्षाने म्हणणे दाखल करावे'. म्हणणं दाखल होईतो पाचवा शनिवार निघून गेलेला असतो आणि पुढच्या महिन्याचा पहिला दारात उभा असतो, जो आधीपासून बापाचाच होता. 'या वेळी तू ने' एवढं फोनवर म्हणून मिटलं असतं. पण दोघंही उच्चशिक्षित. एकमेकांशी बोलण्याचा अडाणीपणा ते करत नाहीत.

महाराष्ट्रातल्या सणांची आखणी कौटुंबिक न्यायालय डोळ्यांपुढे ठेवून झालेली नाही, ही आपल्या पूर्वजांची मोठीच चूक. ज्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती तो पक्षकार नशीबवान. एका छोट्या अर्जात भागतं. दहा दिवसांचा असेल आणि मधेच दुसऱ्या घरी गौरी जेवणार असतील, तर मुलाने आरती एका पत्त्यावर सुरू करून पुरणपोळीला दुसऱ्या पत्त्यावर पोहोचायचं. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी. पण शाळा एकवीस दिवस देते, आणि एकवीसचं अर्ध करताना जो दिवस मधोमध चिरला जातो, त्यावर दोन आज्या फोनवरून एकमेकींचं माहेर काढतात. भाऊ बापाकडे आणि बहीण आईकडे असेल तर भाऊबीज दुपारी 12 ते 2. ओवाळणीचं तबक कुठल्या घरचं, हे आदेशात नसतं. म्हणून पुढच्या वर्षी ते अर्जात असतं.

कायद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याचं वय झालंय. पालक व पाल्य अधिनियम 1890 चा. त्यानंतरचा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. त्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप 'आणि त्याच्यानंतर आई'. आता 'नंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगावं लागलं. दोघांनी मिळून सांभाळण्याची सोय कायद्यातच असावी, असा अहवाल विधी आयोगाने 2015 च्या मे महिन्यात दिला. मे म्हणजे सुट्टीचे दिवस. अहवाल अजून सुट्टीवरच आहे.

मात्र या जुन्या कायद्यांतलं एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं : मुलाचं हित सर्वोपरी. दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा. परिच्छेद तेच, स्वल्पविराम तेच, फक्त 'आई'च्या जागी 'वडील'. मूल सर्दी घेऊन परतलं की त्याचं हित धोक्यात येतं. बर्फाचा गोळा कुणी दिला, किती वाजता दिला, काला खट्टा होता की ऑरेंज, याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात; आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं हे आता आजीलाही ठाऊक झालंय. पूर्वी ती नातवाच्या शिंकेवर हळद-दूध द्यायची.

आदेशाची खरी अंमलबजावणी होते सोसायटीच्या फाटकावर. तिथल्या वहीत रकाने ठरलेले : नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे, कामाचे स्वरूप. बापाने 'कोणाकडे'खाली स्वतःच्या मुलाचं नाव लिहायचं. 'कामाचे स्वरूप'वर पेन अडतं. वरच्या ओळीत 'गॅस सिलेंडर', त्याच्यावर 'आरओ सर्व्हिसिंग'. मग तो लिहितो, 'कोर्ट ऑर्डर'. वॉचमन घड्याळाकडे बघतो आणि 10.07 ही वेळ मोठ्या अक्षरात टाकतो, कारण मागच्या तारखेनंतर दोन्ही बाजूंनी त्याच्या वहीचे फोटो मागून नेलेत. साक्षीला नेतील या धास्तीने तो हल्ली शनिवारची ड्यूटी बदलून मागतो. मॅडमचं उत्तर इंटरकॉमवर येतं : दहाची वेळ होती, सात मिनिटं संध्याकाळी वजा होतील.

दूर राहणाऱ्या पालकासाठी व्हिडिओ कॉल. मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचा हक्क त्याला असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या जानेवारीत म्हटलं. दोनच महिन्यांत लॉकडाउन लागला आणि सगळा देशच त्या आदेशाखाली आला. कॉल लागतो. मूल फोन गादीवर उताणा टाकून खेळायला जातं आणि बाप पंखा बघतो. त्या खोलीतल्या पंख्याचं कुठलं पातं जास्त मळलंय हे तो झोपेतही सांगेल. मुलाचा पुढचा दात पडल्याचं मात्र त्याला शाळेच्या ग्रुपवर कळतं. दहा मिनिटं झाली की पडद्याबाहेरून आवाज येतो, 'वेळ संपली हं.' आदेशाचं पालन पूर्ण.

मूल जरा मोठं, समजतं झालं की त्याची पसंती न्यायाधीशांना विचारात घेता येते. कायद्यातच तशी सोय आहे. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून गप्पा मारतात. त्याआधीचे पंधरा दिवस त्या मुलाच्या आयुष्यातले सुवर्णदिन. एकीकडून बॅट येते, दुसरीकडून सायकल. ज्या बापाला तिमाही परीक्षा कधी असते माहीत नव्हतं, तो पाढे घेऊ लागतो. ज्या आईने मोबाइल कपाटात कुलूपबंद केला होता, ती स्वतः चार्जिंगला लावते. चेंबरमधून बाहेर आल्यावर 'काय सांगितलंस?' असं दोघंही एकदम विचारतात. या खटल्यात एवढं एकमत पहिल्यांदाच झालेलं असतं.

राज्य सरकारने मात्र एक काम चोख केलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आई आणि बाप एका ओळीत, शेजारीशेजारी, कुठल्याही अर्जाशिवाय. क्रमाला हरकत घेणारा अजून भेटलेला नाही, पण ती मुलं अजून लहान आहेत.

अठरा पूर्ण झाली की आदेशाचा अंमल संपतो. शनिवार संपतात, फाटकावरची वही संपते, अर्धी दिवाळी संपते. मग आई-बाप दोघांनाही भेटीची वेळ त्या मुलाकडेच मागावी लागते. तो इतक्या वर्षांत कामकाज शिकलेला असतो. मेसेज वाचतो, दोन निळ्या खुणा उमटतात, आणि पुढची तारीख देतो.