पेन्शनीतली मुलूखगिरी

ज्या माणसाने आपली सारी हयात तालुक्याच्या कचेरीत खातेफोडीची आणि बांधाच्या तंट्यांची प्रकरणे चाळण्यात घालवली, त्याला पेन्शनीत निघाल्यावर देवधर्म, संधिवात किंवा नातवंडे यांपैकी कशाने तरी ग्रासावे, असा आपल्याकडे सर्वमान्य शिरस्ता आहे. परंतु निवृत्त अव्वल कारकुनांची एक शाखा अशी आहे की, तिला या तिन्ही बाबींतून माफी मिळालेली असते आणि तिच्या मानगुटीवर प्रवास बसलेला असतो. या शाखेचा एखादा वंशज वाईस, साताऱ्यास किंवा धारवाडास हटकून आढळतो. ज्या नमुन्याशी माझा परिचय आहे, तो पुण्याच्या पेठेतला. आळीत त्यांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही. ते 'अव्वल कारकून'च. हुद्दा सरकारने परत घेतला. त्या हुद्द्यातली चौकशीची हौस मात्र सरकारजमा करून घेण्याचे राहून गेले.

गावात असेतोवर ही हौस उपद्रवाच्या सदरात मोडते. शेजाऱ्याकडे पाहुणा उतरला की तो कोणत्या गाडीने आला, किती दिवसांच्या रजेवर आला, रजा हक्काची की बिनपगारी, आणि इतकी रजा देऊनही त्याच्यावाचून कचेरीचे काम चालते कसे, येथवरची जाबजबानी जिन्यातच उरकली जाते. त्यामुळे अव्वल कारकून ओट्यावर दिसले की आळीतली कामसू माणसे मागच्या दाराने बाहेर पडतात. नवल असे की, हाच गृहस्थ जिल्ह्याची हद्द ओलांडून रेल्वेच्या डब्यात बसला, की त्याच दुर्गुणाची जात बदलते. जो प्रश्न शनिवार पेठेत आगाऊपणाचा ठरतो, तोच कुंभकोणमच्या फलाटावर आस्थेचा ठरतो. कारण देवळांच्या गावी येणारा प्रत्येक परका माणूस दर्शनाची वेळ तेवढी विचारून निघून जातो, आणि तुमच्याकडे पाणी किती वाजता येते, असे त्या गावच्या रहिवाशाला उभ्या जन्मात कोणी विचारलेले नसते. विचारल्याबरोबर तो पिशवी खाली ठेवून बोलू लागतो.

सहल कंपनीबरोबर हिंडण्याचा प्रयोग अव्वल कारकुनांनी एकवार करून पाहिला. त्या प्रवासात सकाळी पोहे, दुपारी वरणभात आणि हृषीकेशच्या मुक्कामी मटकीची उसळ अशी उत्तम बडदास्त होती, आणि नेमकी तीच त्यांना मानवली नाही. "मटकी पाहण्यासाठी मी हिमालयात आलो नाही," असे त्यांनी व्यवस्थापकास लेखी कळवले. (माझ्यापुरते सांगायचे तर, गंगाकाठच्या थंडीत मटकीची उसळ पुढे आली असता तिचा अव्हेर करण्याइतके मनोधैर्य माझ्या अंगी नाही.) तेव्हापासून ते काकूंना बरोबर घेऊन स्वतंत्रपणे निघतात. सामान बेताचेच: एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या, उशाशी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', आणि लाल कापडी पाठीची एक लांबोडकी वही. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेकडे निघालेला आणि बंडाच्या धामधुमीत सापडलेला तो भिक्षुक, झाशीच्या वेढ्यातल्या तोफांबरोबर राणीची दिनचर्याही टिपून ठेवतो, यातच त्याचे थोरपण आहे, असे अव्वल कारकुनांचे मत आहे, आणि ते मला पूर्णांशाने मान्य आहे.

वहीत रकाने आखलेले असतात: मुक्काम, तिथी, वांग्याचा भाव, हजामतीचा दर, पाण्याच्या नळाची वेळ, शेरा. प्रवासाला निघण्यापूर्वी ते दाढी करीत नाहीत, कारण परगावच्या न्हाव्यापुढे रिकाम्या हनुवटीने बसण्यात अर्थ नसतो. वस्तरा गळ्याशी असता माणूस मन लावून ऐकतो, आणि ऐकणारा लाभला की न्हावी गावची बखर सांगतो, असा त्यांचा अनुभव आहे. आग्र्यास उतरल्यावर ते प्रथम पेठ्याच्या कारखान्यात गेले. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात का घालून ठेवतात, पाकात पडूनही त्या विरघळत कशा नाहीत, कोहळा कोठून येतो आणि त्यावर जकात किती, याची साद्यंत पाहणी होईतो दोन प्रहर टळून गेली. "ताजमहाल तीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे, तो संध्याकाळपर्यंत कोठे जात नाही, कढई उतरली म्हणजे उतरली," हा त्यांचा युक्तिवाद. काकू मात्र धर्मशाळेतल्या दोन मारवाडी बायकांच्या सोबतीने पहाटेच जाऊन ताजमहाल पाहून आल्या होत्या. वहीत आग्र्याच्या शेऱ्याचा पूर्वार्ध कोहळ्यावर असून, उत्तरार्धात 'इमारत सुस्थितीत' एवढाच मजकूर आहे.

पण त्यांची खरी कर्तबगारी पाहावी ती तंजावरास. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात बसवलेली आणि १८५५ साली कंपनी सरकारने खालसा केलेली ही मराठी गादी म्हणजे अव्वल कारकुनांच्या लेखी दूरच्या तालुक्यातले एक थकीत प्रकरण. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या देवळात शिरल्यावर इतर यात्रेकरू दोनशे फुटांहून उंच असलेल्या त्या शिखराकडे माना मोडेपर्यंत पाहत राहतात. हे मात्र भिंतीशी गेले. सरफोजीराजांच्या अमदानीत, १८०३ साली, भोसले घराण्याची समग्र हकीकत मराठीत तेथे दगडावर कोरलेली आहे. ती त्यांनी भर उन्हात, छत्रीच्या टोकाने ओळ धरीत, पिढ्यांचा मेळ घालीत वाचायला घेतली. दगडावर दप्तर ठेवण्याची कल्पना त्यांना इतकी पसंत पडली की, वाळवीपासून संरक्षणाचा याहून खात्रीचा उपाय आपल्या खात्याला कसा सुचला नाही, याचे त्यांना परतीच्या प्रवासातही वाईट वाटत होते.

त्या मुक्कामात एका गोष्टीचा मात्र त्यांना उलगडा झाला नाही. ते स्वतः दुभाषा गाठून, नमस्कार-चमत्कार करून, टाचणे काढून प्रश्न विचारीत, तेव्हा त्यांना मोजकी चार उत्तरे मिळत. आणि काकू, ज्यांना तमिळचे एक अक्षर कळत नव्हते, त्या दुसऱ्या दिवशीच चार घरांच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचल्या होत्या. झाले होते ते इतकेच, की पहाटे उताराच्या घरासमोर सडा टाकून एक बाई तांदळाच्या पिठाने ठिपके मांडू लागली, आणि काकू जाऊन तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. ठिपक्यांना वळसे घालीत जाणारी, जेथून निघाली तेथेच येऊन मिळणारी एकसलग रेघ काकूंना तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली, मग काकूंनी तिला आपली चैत्रांगणातली पावले, शंख, चक्र काढून दाखवली. ऊन वर आल्यावर त्या पिठाला मुंग्या लागल्या, आणि त्या लागाव्यात म्हणूनच पीठ तांदळाचे असते, हे त्या बाईने हातवाऱ्यांनी समजावून दिले. सायंकाळी काकू त्याच घरच्या ओट्यावर, सुई न वापरता केळीच्या सोपटाच्या धाग्यात मोगऱ्याच्या कळ्या गुंफीत बसलेल्या आढळल्या. अव्वल कारकून वही घेऊन जवळ गेले, तेव्हा सगळ्या बायका गप्प झाल्या.

कॉफीच्या बाबतीतही थोडाफार असाच प्रकार घडला. पेला आणि त्याखालची बसकी वाटी यांतून कॉफी वरखाली ओतण्यात थंडाव्याचा भाग किती आणि फेसाचा किती, याची ते गल्ल्यावरच्या माणसाकडे तपासणी करीत होते, तोवर काकूंनी आजूबाजूला पाहून पेला ओठांस न लावता, वरून धार धरून कॉफी संपवलीही होती. जेवताना सांबार, मग रसम्, मग ताक हा क्रम दोघांनाही ताबडतोब मान्य झाला. शेवटी ताकभात आला म्हणजे परमुलूख निम्मा परका राहत नाही. उठताना केळीचे पान आपल्याकडे मिटावयाचे असते, हेही शेजारच्या पानाकडे पाहून काकूंच्याच आधी लक्षात आले.

कलकत्त्यात मात्र अव्वल कारकुनांच्या वहीला वेगळेच वळण लागले. तेथे ते गेले होते मासळीबाजार पाहायला. स्वतः शाकाहारी असल्याने त्यांना त्या विषयात निःपक्षपाती राहता येईल, असा त्यांचा दावा होता. स्वच्छ धोतर नेसलेला एखादा बंगाली गृहस्थ इलिश माशाचा कल्ला उघडून त्याचा तांबूसपणा न्याहाळतो, बोटाने मांस दाबून पाहतो, तोंड वाईट करून दोन पावले पुढे जातो आणि पुन्हा त्याच दुकानाशी येतो, तेव्हा त्याच्या मुद्रेवर वैशाखात हापूसची पेटी फोडणाऱ्या आपल्याकडच्या सासऱ्याचे गांभीर्य असते. अशाच एका गृहस्थाशी त्यांची ओळख वाढली, आणि त्याने घरी चहाला बोलावले. आपण मराठे, असे अव्वल कारकुनांनी अभिमानाने सांगताच घरातली वृद्ध आजी हसू लागली. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात बंगालवर दहा वर्षे वारंवार उतरत होत्या, त्या 'बर्गीं'ची भीती घालून तेथे अजूनही मुलांना निजवतात. आणि आजीने स्वतःची सारी नातवंडे त्याच अंगाईवर वाढवली होती. तिने त्या बर्गीचा वंशज, छत्री मांडीवर घेऊन संदेश खाताना, आयुष्यात प्रथमच पाहिला.

अव्वल कारकुनांना हा प्रसंग चांगलाच जड गेला. शाळेत त्यांना भास्करराम कोल्हटकर शिकवला होता तो अटकेपार जाणाऱ्यांच्या पंक्तीतला, आणि १७४४ साली अलिवर्दीखानाने बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून त्याचा घात केला म्हणून हळहळण्याजोगा; त्याच स्वाऱ्यांत ज्यांची भाताची खाचरे जळाली, त्यांच्याकडेही एक दप्तर असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. तरी ते हाडाचे कारकून. त्यांनी सारवासारव न करता आजीकडून सगळी हकीकत दुभाष्यामार्फत उतरवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी बागबाजाराकडे जाऊन मराठ्यांच्या धास्तीने १७४२ साली खणायला घेतलेल्या खंदकाचा माग काढला. खंदक सात मैलांचा योजिलेला, तीन मैल खणून झाला, मराठे आले नाहीत, काम थांबले, पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला, आणि आता एका गल्लीच्या नावापुरता उरला आहे. येथे त्यांना पुष्कळच हलके वाटले. वर्गणी गोळा करून अर्धे सोडलेले सार्वजनिक बांधकाम ही गोष्ट त्यांना स्वतःच्या तालुक्यातली वाटली.

या सर्व मुलूखगिरीत ते भेटेल त्याला आपला पत्ता देऊन ठेवीत, आणि पुण्यास आलात तर आमच्याकडेच उतरा, असा आग्रह करीत. असा आग्रह परमुलखात करण्यात धोका नसतो, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. परंतु गेल्या मार्गशीर्षात तंजावरकडचे एक सद्गृहस्थ खरोखरच येऊन थडकले. तेही महसूलखात्यातून निवृत्त. घराणे सरफोजीराजांच्या काळापासून तिकडे स्थायिक झालेले, घरात जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची मराठी. आणि बगलेत काळ्या पुठ्ठ्याची वही. पायावर पाणी घेतानाच त्यांनी अव्वल कारकुनांचे पेन्शन किती, जागा भाड्याची की मालकीची, भाडे वेळेवर जाते काय, आणि मुलगा वेगळा का राहतो, हे विचारून घेतले. जेवताना आमटीत गूळ कोणत्या कारणास्तव घालतात, याचा त्यांनी खुलासा मागितला, आणि तो समाधानकारक न वाटल्याने पुन्हा मागितला. मी त्या दिवशी तेथे होतो. अव्वल कारकून मला आतल्या खोलीत ओढून नेऊन, दार लोटून म्हणाले, "माणसाने विचारावे तरी किती! काही पोच?"

दुसऱ्या दिवशी यजमान उठण्यापूर्वीच पाहुणे मंडईत जाऊन आले. आल्यावर त्यांनी सांगितले की, ही इमारत १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडली, मधला मनोरा अष्टकोनी आहे, आणि आपल्या घरापासून चालत अमुक इतकी पावले आहे. यांपैकी एकही गोष्ट अव्वल कारकुनांना ठाऊक नव्हती. मग त्यांनी वही उघडून, अत्यंत विनयाने, दुसरी एक बाब यजमानांच्या नजरेस आणली. अव्वल कारकून ज्या ठरावीक गाळ्यावरून वर्षानुवर्षे विश्वासाने गवार घेत आले, त्याच गवारीचा भाव मागच्या ओळीत बसणाऱ्या म्हातारीकडे बराच कमी होता, आणि शेंगही कोवळी होती. नमुन्यादाखल त्यांनी पावशेर आणलीही होती.

अव्वल कारकुनांनी शेंग मोडून पाहिली, ती कडकन मोडली, आणि ते काही बोलले नाहीत. काकूंनी पाहुण्यांपुढे पोह्यांची दुसरी बशी ठेवली. "उद्या निघाल तेव्हा मलाही हाक मारा," त्या म्हणाल्या, "पिशवी मी धरीन."