उपक्रमशील शाळा

जूनमध्ये शाळा उघडते आणि 21 तारखेच्या योगासनांनी वर्षाचा नारळ फुटतो. मग वृक्षारोपण (खड्डा गेल्या वर्षीचाच), 1 ऑगस्टला टिळकांच्या शेंगांची टरफलं, 5 सप्टेंबरला साडी नेसून शिकवणाऱ्या दहावीतल्या मुली. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन: ग्रंथालयाच्या कपाटाचं कुलूप निघतं, मुलं फोटोपुरती पुस्तकात मान घालतात, पुस्तकं मोजून पुन्हा आत. 26 नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका, डिसेंबरात स्नेहसंमेलन, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. तिथे खायच्या सोड्याचा ज्वालामुखी हमखास. प्रत्येक उपक्रमाचा फोटोसह अहवाल त्याच संध्याकाळी वर धाडायचा, म्हणून गणिताचे सर फळ्यापेक्षा मोबाइलवरच जास्त दिसतात. पोर्शनचं म्हणाल, तर काळजी नसावी. तो क्लासवाले दिवाळीतच संपवतात.