ज्ञानयज्ञाचे नोंदणीशुल्क

गळीत हंगाम तोंडावर आला, की आमच्या बीड जिल्ह्यातून दोन वर्ग घराबाहेर पडतात: एक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील उसाच्या फडांकडे जातो, दुसरा शोधनिबंध घेऊन चर्चासत्रांकडे. पहिल्याला निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते. दुसऱ्याला निघण्यापूर्वी संयोजकांच्या खात्यात स्वतःच रक्कम भरावी लागते. आणि विद्येचे स्थान श्रमाहून उच्च असल्याचा याहून निःसंदिग्ध पुरावा निदान माझ्या पाहण्यात नाही.

अशाच एका एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्राचे पत्रक परवा माझ्या हाती आले. विषय होता ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, आणि तारीख मोठ्या विवेकाने अशी निवडलेली, की त्या दिवशी आपल्याविषयी काय बोलले जाते हे ऐकण्यास त्यांपैकी फारसे कोणी जिल्ह्यात असू नये. नोंदणीशुल्क पंधराशे रुपये. सहलेखक असल्यास त्याचे स्वतंत्र. निबंध ग्रंथात समाविष्ट व्हावा अशी इच्छा असल्यास त्या इच्छेचे निराळे. मुदत टळल्यास विलंबशुल्क. आणि जमेच्या बाजूचा एवढा तपशील दिल्यावर खर्चाच्या बाजूस एकच ओळ: प्रवासभत्ता व दैनिक भत्ता देय नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर वाढून टनामागे ३६६ रुपये ठरला. ज्याच्या विपन्नावस्थेचे विवेचन करावयाचे त्या मजुराला चार टनांहून अधिक ऊस तोडल्यावर जी मजुरी मिळावी, तेवढी रक्कम मोजल्यानंतर विवेचकास त्या विपन्नावस्थेवर सात मिनिटे बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो.

सात मिनिटे हीसुद्धा कागदावरची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, बीजभाषण, आणि ‘मी काही विद्वान नव्हे’ ही निर्विवाद कबुली वारंवार देत संस्थेच्या अध्यक्षांनी व्यक्त केलेले दीर्घ मनोगत, एवढे आटोपेपर्यंत भोजनाची वेळ होते. त्यानंतर एकेका खोलीत तीस-तीस निबंधकार बसवून सत्राध्यक्ष ‘केवळ निष्कर्ष सांगा’ असे फर्मावतात, आणि निष्कर्षाचे पहिले वाक्य उच्चारले जाते न जाते तोच घंटा वाजते. विचारवंतांची खरी गर्दी त्या वेळी प्रमाणपत्रांच्या टेबलाभोवती असते. शेवटची एसटी चुकण्याचे भय आहेच. बीडला अहिल्यानगरहून आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तिच्यामुळे प्रवासखर्चात जी काही बचत संभवते, ती नोंदणीशुल्काने तत्परतेने भरून काढली आहे.

या व्यवहाराचे गणित मात्र पाहण्यासारखे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचणाऱ्यास दहा गुण आणि राष्ट्रीय परिषदेत वाचणाऱ्यास साडेसात गुण मिळत. २०१८ च्या नियमावलीने परदेशातील परिषदेस सात, स्वदेशी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस पाच, राष्ट्रीयेस तीन आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवरील परिषदेस दोन असा नवा दर ठरविला. म्हणजे ज्या पंधराशे रुपयांत पूर्वी गुण दोनशेला एक पडला असता, त्याच पंधराशेत आता तो पाचशेला पडतो, आणि पंधराशे तरी पंधराशे कोठे राहिले! यावर तालुक्याच्या गावांनी काढलेला तोडगा मात्र अभिनव आहे: पडद्यावर काठमांडूचे एक प्राध्यापक दहा मिनिटे उगवतात, त्यांचा आवाज मध्येच लोपतो, आणि तेवढ्याने अख्खे चर्चासत्र तीन गुणांवरून पाच गुणांवर, व शुल्क त्याच प्रमाणात वर, चढते.

कायम नोकरीतले प्राध्यापक हा भार सोसू शकतात, आणि सोसल्याचे समाधानही त्यांना लाभते. कसोटी लागते ती तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची, ज्यांचे मानधन घड्याळ पाहून मोजले जाते व कॅलेंडर न पाहता अदा होते. मुलाखतीच्या वेळी फाइल पातळ दिसू नये म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून ‘शिक्षकांची आर्थिक स्थिती’ या विषयावर निबंध वाचणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या निबंधातील सर्वांत अस्सल आधारसामग्री त्यांच्या खिशातील पावती होती, पण वेळेअभावी ती सादर झाली नाही.

पूर्वीच्या लोकांना या शास्त्राचे ज्ञान नव्हते. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली तेव्हा रा. गो. भांडारकर जाऊ शकले नाहीत. त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध तेवढा धाडला, आणि परिषदेने तो आपल्या वृत्तांतात छापला. पुढे १८८६ साली ते व्हिएन्नाच्या परिषदेस गेले, ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून. निबंध परिषदेत आणि निबंधकार घरी, ही अव्यवस्था आता पूर्णपणे दूर झाली असून निबंधकार परिषदेत आणि निबंध कोणाच्याच ध्यानात नाही, अशी शिस्त लागली आहे. आमच्या आंबेजोगाईच्या दासोपंतांनी तर पंचीकरणाचा विषय भल्या लांबरुंद पासोडीवर लिहून काढला. ती घेऊन ते आज एखाद्या भित्तिपत्रक-सत्रास आले असते, तर नियमबाह्य आकाराबद्दल जादा आकारणी होऊन, सोबत संस्थाप्रमुखांचा ना-हरकत दाखला नाही म्हणून त्यांना दारातूनच परतावे लागले असते.

मध्यंतरी, २०२० च्या टाळेबंदीत, परिषदा घरोघर आणि बहुधा निःशुल्क भरू लागल्या होत्या, आणि प्रमाणपत्रांचा असा काही वर्षाव झाला की अवर्षणग्रस्त बीडकरांनी तो डोळे भरून पाहिला. ज्ञान फुकट वाटले जात आहे हे लक्षात येताच जाणत्यांनी ते संकट आवरते घेतले.

तेव्हा शुल्क कमी करा, अशी अशिष्ट मागणी मी करणार नाही. मंडप, फाइल, हारतुरे आणि दोन भाज्या यांना पैसा लागतो. माझी दरखास्त एवढीच आहे, की बोलणाऱ्याकडून पैसे घेण्याची प्रथा रूढ झालीच आहे, तर ऐकणाऱ्यास पैसे देण्याचीही तरतूद अंदाजपत्रकात व्हावी, कारण सभागृहात दुर्भिक्ष आहे ते त्याचेच. दर तासिका तत्त्वाचाच असावा. त्या दराने आमच्या जिल्ह्यात उच्चविद्याविभूषित श्रोत्यांचा तुटवडा पडणार नाही. संध्याकाळी तंबू उतरविण्यापूर्वी मानधन रोख हाती पडावे, एवढी एकच अट ते घालतील, आणि तीवर बहुधा संयोजन समितीची बैठक फिसकटेल.