सर्व्हरची वर्गणी

सिल्वासातल्या डोकमर्डीत मराठी माणूस ओळखणं अवघड नाही. सोसायटीची सभा हिंदीत सुरू होते, वाद गुजरातीत मिटतो आणि मागच्या खुर्चीवरून "पण हे नियमात बसत नाही" असं जो पुटपुटतो, तो आपला. कोणी खानदेशातला, कोणी नाशिककडचा, कोणी थेट तळकोकणातला. सिल्वासाच्या यार्नच्या, प्लास्टिकच्या कारखान्यांत नोकरीला आले आणि इथलेच झाले. या मंडळींचा एक ऑनलाइन कट्टा आहे. पहाटे वापी स्टेशनला कोणाची गाडी जाणार आहे इथपासून लग्नाळू मुलामुलींपर्यंत सगळ्याची चौकशी तिथे होते.

आधी हा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. तिथे एका ग्रुपात 1,024 माणसंच मावतात. दुसरा ग्रुप काढला, तर "आम्हाला दुसऱ्यात का ढकललं?" म्हणून रुसवेफुगवे. शेवटी स्वतःची जागा घ्यायची ठरली. म्हणजे कुठल्यातरी कंपनीचा सर्व्हर भाड्याने. पहिल्या वर्षाचं भाडं इतकं किरकोळ होतं की खजिनदारकाकांनी ते खिशातून भरलं आणि वर सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या वर्षीचं बिल बघून काकांनी चहा सोडला. स्वागताची सवलत संपली होती. मूळ दर डॉलरमध्ये, त्यावर 18 टक्के जीएसटी. 2014 साली 60 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर केव्हाच 85 च्या पुढे गेलेला. कोजागिरीचं दूध महागलं तर निदान गवळ्याशी हुज्जत घालता येते. डॉलरशी कोण घालणार?

त्यात कट्टा वाढत चालला होता. दुकानात गिऱ्हाईक वाढलं की गल्ला वाढतो. इथे माणूस वाढला की नुसता खर्च वाढतो. आणि माणूस एकटा येत नाही, फोटो घेऊन येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी उकडीच्या मोदकाला कळ्या कशा पाडाव्यात, याचा व्हिडिओ चढवला. त्यातला निम्मा वेळ फक्त पिठाची परात दिसत राहते, कारण वहिनी दार उघडायला गेल्या होत्या. पण तो कापायला सांगायचं धाडस कोणाला? मोदक त्याच देतात.

मग सभा. "जाहिराती घ्या," एकजण म्हणाला. घेतल्या असत्या, पण गुजरातेत दारूबंदी आणि आमच्या सिल्वासात नाही, त्यामुळे पहिला उत्साही जाहिरातदार निघाला एका बारचा मालक. त्याला आरतीसंग्रहाच्या पानाशेजारची जागा हवी होती, कारण तिथे वर्दळ जास्त. "फी लावा," दुसरा म्हणाला. सेक्रेटरींनी हिशोब मांडला: फी लावली तर सभासद दोन उरतील, खजिनदार आणि ते स्वतः. "जुने फोटो पुसा," तिसरा म्हणाला आणि महिला आघाडी उसळली. "2019 च्या हळदीकुंकवाला हात लावायचा नाही. त्यात मी बारीक आहे."

हा काही आमचाच प्रश्न नाही म्हणा. विकिपीडियासारखं जगन्मान्य प्रकरणसुद्धा अधूनमधून वाचकांपुढे झोळी पसरतंच. 'मायबोली' ही मराठी वेबसाइट 1996 पासून टिकून आहे, याचं कौतुक मला त्या बिलानंतर दुप्पट वाटू लागलं.

इतक्यात एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. ते उभे राहिले की विषय 1954 वर जातो. "सुधीर फडक्यांनी पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांचा कार्यक्रम केला," ते गरजले, "त्या पैशातून हत्यारं आली. 2 ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. पोर्तुगीज गेले! अख्खा मुलूख कार्यक्रमाच्या पैशावर सुटला आणि तुम्हाला एक सर्व्हर सोडवता येत नाही?"

मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "तेव्हा लताबाई होत्या. आपल्याकडे कराओके आहे."

तरी केला कार्यक्रम. जमलेले पैसे हॉलच्या भाड्यात आणि बटाटेवड्यांत गेले. आणि सबंध संध्याकाळचं चित्रीकरण एका सेवाभावी तरुणाने रातोरात कट्ट्यावर चढवलं. उरलीसुरली जागाही भरली.

माझं मत विचाराल तर आपला माणूस कंजूष नाही. त्याला दिलेला पैसा डोळ्यांनी दिसायला हवा. मंडप दिसतो, रोषणाई दिसते, महाप्रसाद तर पोटात जातो. सर्व्हर दिसत नाही. मग गणपतीत आम्ही पावतीपुस्तक छापलं, कार्बनसकट. 'कारण' या रकान्यात 'सर्व्हर', आणि देणाऱ्याचं नाव रोज आरतीनंतर माइकवरून. पहिल्या संध्याकाळी एकाने 501 दिले. त्याचं नाव संपायच्या आत त्याच्या साडूने 1,001 दिले. त्यानंतर काकांना पेन खाली ठेवायला सवड मिळाली नाही.

वर्षाची सोय झाली. आता घोळ वेगळाच आहे. सगळ्यांत मोठी पावती फाडणारे यार्न कंपनीतले सुपरवायझर काकांना गाठून म्हणाले, "आईच्या स्मरणार्थ फरशी बसवायची होती. हा सर्व्हर आहे कुठे?"

"मुंबईत. बहुतेक."

"मग भिंतीवर बसवली तरी चालेल. मापं तेवढी मागवा."

काकांनी कंपनीला तसं ईमेलने कळवलं आहे. तिकडून उत्तर आलं, की तक्रार नोंदवून घेतली आहे आणि ती तांत्रिक विभागाकडे पाठवली आहे.