निर्दोष पत्त्यांची पेन्शन

चैत्र लागला की मोबाइलवर पत्ते खेळणाऱ्यांच्या घरात सुतक येतं. गेलेलं कोणीच नसतं, पत्ते ‘रोटेट’ झालेले असतात. पत्ता तुमच्याच खात्यात, चित्र तेच, ताकद तीच. फक्त उद्यापासून तो ‘स्टँडर्ड’ या खेळप्रकारात चालायचा नाही.

रीत जुनी आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कागदी खेळ १९९३ साली आला आणि १९९५ मध्येच ‘फक्त अलीकडचे संच चालतील’ असा वेगळा प्रकार त्यात निघाला. नव्या पोरानं जुने महागडे पत्ते कुठे धुंडाळावेत, हा मुद्दा रास्तच. ‘हर्थस्टोन’ या मोबाइलवरच्या खेळानं २०१६ मध्ये ती रीत ‘स्टँडर्ड’ नावानं पडद्यावर आणली आणि त्या संवत्सराला क्राकेन नाव दिलं. पुढे मॅमथ, डोमकावळा, ड्रॅगन. संवत्सर पालटलं की गेल्याच्या गेल्या संवत्सरातले संच बाहेर. इथवर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते डस्टबद्दल, म्हणजे पत्ते बनवायच्या आणि मोडायच्या चलनाबद्दल.

लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ दर्जाचा पत्ता बनवायला १६०० डस्ट लागतं. मोडला तर हातात ४००. आता गंमत बघा. एखादा पत्ता माजला, सगळ्यांना छळू लागला, म्हणून त्याला नर्फ केलं, म्हणजे त्याची ताकद छाटली, की तो मोडणाऱ्याला काही दिवस पूर्ण १६०० परत मिळतात. आणि जो बिचारा नियमात राहिला, कुणाच्या डोळ्यांवर आला नाही, तो रोटेट झाला की ४००च. चौकशीत सापडलेल्या साहेबाला पूर्ण पेन्शन आणि एकही ठपका नसलेल्या कारकुनाला पाव! बरं, त्या ४००चं करायचं काय? असे चार म्हातारे मोडा, एक नवा बनतो. तो दोन वर्षांनी म्हातारा. म्हणजे निव्वळ डस्टवर गाडा हाकायचा तर आजच्या एका लेजंडरीमागे चार बाप, सोळा आजे आणि चौसष्ट पणजे दळले गेलेले असतात. एवढ्या पितरांना पाणी सोडायचं तर पितृपक्ष महिनाभर लांबवावा लागेल. साध्या पत्त्याची गत तर विचारूच नका: ४०ला बनतो, ५ला मोडतो.

‘मामा, कार्ड मरत नाही हो, वाइल्डमध्ये चालतं की!’ असं भाचा समजावतो. चालतं ना. वाइल्डमध्ये, म्हणजे जिथे काहीच बाद होत नाही तिथे, २०१४ पासूनचे सगळे दांडगे एकाच आखाड्यात उतरलेले असतात. स्टँडर्डमध्ये जेमतेम चमकलेल्या आमच्या पत्त्याला तिथे कोण विचारतो?

आणि मुख्य राग पुढेच आहे. संवत्सरातल्या पहिल्या संचातला पत्ता जवळजवळ दोन वर्षं नोकरी करतो, शेवटच्या संचातला जेमतेम सव्वा वर्ष. बनवायचा खर्च दोघांचा १६००च. पत्त्यावर नाव मावतं, चित्र मावतं, पराक्रम मावतो. निवृत्तीचं साल तेवढं मावत नाही! पोकेमॉनच्या पत्त्यावर निदान खाली कोपऱ्यात एक बारीक अक्षर तरी असतं. कोणती अक्षरं चालणार हे जाहीर झालं की पोरं पत्ता उलटसुलट न करता बाजूला काढतात. कागदाला जमतं ते पडद्याला जमू नये? शिवाय कागदी पत्ता बाद झाला तरी तो आपला असतो. विका, मित्राशी बदला, भाच्याला द्या, नाहीतर चिडून फाडा. पडद्यावरचा पत्ता मित्राला देता येत नाही, बाजारात विकता येत नाही, आणि मोडायचा झाला तरी भाव त्यांचाच. घेताना म्हणे ‘तुमचं कलेक्शन’. वा रे कलेक्शन!

तेव्हा खेळणाऱ्यांनो, वर्षाच्या शेवटच्या संचातल्या नव्या लेजंडरीवर कितीही जीव जडला तरी डस्ट खर्चू नका. अगदीच राहवलं नाही तर संचातला सगळ्यात उर्मट, सगळ्यांनी शिव्या घातलेला पत्ता बनवा. नर्फ झालाच तर डस्ट पूर्ण परत मिळेल. सज्जनाच्या बाबतीत ती सोय नाही.