आवाज ऐक

सकाळी पावणेसहाला फोन वाजतो. अवेळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असं मानणाऱ्या पिढीतला मी. धडधडत्या छातीनं फोन कानाला लावतो. पलीकडे कुणी बोलत नाही. नुसती धडधड ऐकू येते, माझ्या छातीपेक्षा कितीतरी मोठी. मग आप्पांचा आवाज येतो : "ऐकलंस? आता खरं सांग, तिसऱ्याचं नोझल गळतंय की नाही?"

मी बँकेत नोकरी केली. नोटा मोजल्या, सह्या पडताळल्या. नोझल कसं असतं, किती असतात आणि त्यातलं तिसरं कुठून मोजायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण आप्पा ज्या इमारतीत राहतात तिथे अज्ञानाची सवलत मिळत नाही. "खाली ये. फोनवर कळायचं नाही. प्रत्यक्ष आवाज ऐक."

तुमच्याकडेही एक आप्पा असणारच. सोसायटीत नसला तर सासुरवाडीला असेल. त्याच्याकडे एक जुनी डिझेल गाडी असते. ती विकायची नसते आणि चालवायचीही नसते. ती असायची असते. आमच्या आप्पांकडे पिकअप आहे. पुढे दोघांची केबिन, मागे हौदा. कोणत्या कंपनीची, ते लिहीत नाही. "दोष लिहायचे तर माझे लिही, गाडीचे नको," असं त्यांनी मला बजावलंय.

कंपन्यांचा इतिहास मात्र त्यांना सत्यनारायणाच्या अध्यायांसारखा पाठ आहे. अठ्ठ्याऐंशीला टाटामोबाईल, एक्याण्णवला सिएरा, चौऱ्याण्णवला सुमो, दोन हजारला बोलेरो. सुमो या शब्दापाशी ते थांबतात आणि समोरच्याला विचारतात, "नाव कशावरून?" समोरचा जपानी पैलवान म्हणतो. त्यानं तसं म्हणावं म्हणूनच तर विचारलेलं असतं. मग टाटा मोटर्सचे एके काळचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नावातलं 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं 'मो', अशी फोड करून आप्पा त्याला गारद करतात. ही फोड मी तीन लग्नांत, एका मुंजीत आणि एकदा लिफ्ट अडकली असताना ऐकली आहे.

आप्पा चिंचवडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इंजिन टेस्टिंगला होते. तिथे दिवसभर इंजिनं ऐकायची आणि नापास करायची, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर माणसाचा पगार थांबतो, सवय थांबत नाही. काकूंचा मिक्सर सुरू झाला की हॉलमधून निकाल येतो : "बुश गेलं." लिफ्टची दोरी, वॉचमनचा पंखा, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळ्यांचं निदान झालेलं आहे. एकदा माझी आई दुपारची झोपली होती. आप्पा दारात थबकले. मान तिरकी केली. "आईंच्या घोरण्यात मिसफायर आहे. मध्ये एक ठोका गाळतात." मला भयंकर राग आला. पुढे डॉक्टरांनी रात्रभर नळ्या लावून हेच सांगितलं, फक्त महाग शब्दांत.

पण स्मशानातला प्रसंग मी त्यांना माफ केलेला नाही. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ गेले होते. शववाहिनी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं. आप्पा मान खाली घालून, डोळे मिटून उभे. लोकांना वाटलं, फार लावून घेतलंय. तेवढ्यात डोळे उघडून ते मला म्हणाले, "आवाज ऐक. आतून पार गेलंय. पंधरा दिवससुद्धा काढायचं नाही." ते कुजबुजले होते, पण चौतीस वर्षं टेस्ट बेडवर काढलेल्या माणसाची कुजबुज फर्लांगभर जाते. गेलेल्यांचे थोरले बंधू, वय चौऱ्याऐंशी, मागेच उभे होते.

आप्पांचं हत्यार म्हणजे एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. सोसायटीतली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत रांग लावून ऐकतात. मलाही लावायला लागतं. मला दर वेळी माझंच रक्त ऐकू येतं. "कळलं ना?" आप्पा विचारतात. मी म्हणतो, "कळलं." नाही म्हटलं तर डिझेलचं मूळ तत्त्व पुन्हा सुरू होतं : या इंजिनात ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही, हवा विसेक पटीनं दाबायची, ती दाबूनच तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो, आणि तो जो पेटतो त्याचा हा खटका. "पेट्रोलला काडी लावावी लागते. डिझेल स्वतःच्या रागानं पेटतं," हे आप्पांचं वाक्य. धुराचंही शास्त्र आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय, नाहीतर पाणी शिरलंय. दोरीवरचे माझे शर्ट बघून मी आता घरबसल्या सांगू शकतो, आज कुठला होता.

खुद्द रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री जहाजावरून नाहीसा झाला. आत्महत्या, खून, बरेच तर्क झाले. आप्पांचा तर्क वेगळा आहे : "इंजिनाचा आवाज नीट ऐकायला वाकला असणार."

आता हौद्याबद्दल. २०१३ ला आप्पा निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं की काकूंना घेऊन गाडीनं कन्याकुमारीला जायचं, हॉटेलात पैसे घालवायचे नाहीत, गाडीतच राहायचं. वर्षभर एक सुतार खपत होता. मरीन प्लायचा खोका झाला. आत दुमडणारा पलंग, पन्नास लिटरची पाण्याची टाकी, इवलंसं बेसिन, दोन शेगड्या, वेगळ्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा पंखा आणि काकूंसाठी आरसा. काकूंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "मला हॉटेलातच राहायचंय. तिथे टॉवेल दुसरं कुणीतरी धुतं."

पुढे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की कारखान्यानं नोंदवलेल्या मूळ बांधणीत मालकाला मनाला येईल तसे बदल करता येणार नाहीत. आम्ही सगळे मनातून हरखलो. आप्पा शांत. "मी बदल केलाच कुठे? हौदा तसाच आहे. खोका चार बोल्टांवर ठेवलाय. कागदावर गाडी मालवाहू, आणि हा माल." पासिंगला तपासणाऱ्या साहेबांनी दार उघडून आत पाहिलं. पलंग, बेसिन, आरसा, पडदे. "हा माल?" आप्पा म्हणाले, "घर हलवतोय." साहेबांनी खोका उतरवून यायला सांगितलं. तेव्हापासून दर पासिंगला आठ माणसं मिळून तो खोका उतरवतात आणि परत चढवतात. त्या आठांत मी असतो. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तर ती बातमी आप्पांनी असल्या थाटात वाचून दाखवली की जणू मंत्रिमंडळानं आधी त्यांना फोन केला होता.

कन्याकुमारीला गाडी अजून गेलेली नाही. दर वेळी एवढं एक काम राहिलेलं असतं. आधी पाटे बदलायचे होते, मग क्लच प्लेट, मग पंप कॅलिब्रेशनला दिला, तो येईपर्यंत बॅटरी बसली. पासिंगच्या वाऱ्या सोडल्या तर गाडी गेटबाहेर गेली ती एकंदर चार वेळा. त्यातल्या दोनदा परत आली ती टोचन लावून. गंमत म्हणजे, "डिझेल गाडी उभी राहिली की मेली," हेही आप्पाच सांगतात. टाकीत पाणी धरतं, रबरं वाळतात, लाइनमध्ये हवा शिरते. म्हणून ती रोज पहाटे उभ्या उभ्या वीस मिनिटं चालवायची. म्हणून माझे शर्ट. सोसायटीत तक्रार अर्ज फिरला, त्यावर तिसरी सही माझी होती. खोटं कशाला बोलू, पहिलीच करणार होतो, पेन चाललं नाही.

मग २०२० चा जुलै आला. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह निघाली. मी चौदा दिवस वेगळं राहायचं, असं ठरलं. घरात खोल्या दोन, मोरी एक, आई एक्याऐंशी वर्षांची. मी जिन्यात बॅग घेऊन उभा. सेक्रेटरी गच्चीच्या किल्ल्या शोधत होते, बाहेर पाऊस ओतत होता. आप्पा दहा फुटांवर येऊन थांबले, तोंडाला दुहेरी मास्क, आणि जमिनीवर किल्ली ठेवून मागे सरले. "खोक्यात राहा. गादी कोरी आहे."

त्या घरात राहिलेला पहिला आणि आजवरचा शेवटचा माणूस मी. माझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बारा फुटांवर. आई वरून दोरीनं डबा सोडायची. आंघोळीला आणि बाकीच्याला वॉचमनच्या खोलीमागचा संडास. बेसिन चाललं, शेगड्या चालल्या, छत एका थेंबानं गळलं नाही. वाईट बोलायला मला काही सापडेना, त्याचाही त्रास झाला.

रात्री नऊला आप्पा केबिनमध्ये येऊन बसायचे आणि पंख्याची बॅटरी चार्ज व्हावी म्हणून इंजिन सुरू करायचे. केबिन आणि खोका यांच्यामध्ये वितभर काच आहे. पहिल्या रात्री काचेवर टकटक झाली. "झोपलास? आवाज ऐक." मी पलंगावर आडवा होतो. इंजिनाची थरथर प्लायमधून माझ्या बरगड्यांत येत होती. स्क्रू ड्रायव्हरची गरजच नव्हती.

चौथ्या-पाचव्या रात्री त्यांनी इंजिन बंद केलं, पण ते उठले नाहीत. काचेपलीकडून बोलत राहिले. कोरेगावकडचं गाव, विहिरीवर डिझेल इंजिन, धुराड्यावर पालथा घातलेला डबा, त्याची पुक पुक शिवारभर. वडील रात्रीचं पाणी धरायचे ते उसाच्या पार टोकाला, बारे देत. आठ-नऊ वर्षांच्या आप्पांना विहिरीपाशी बसवून जायचे. काम एवढंच की आवाज ऐकायचा. विहिरीचं पाणी तुटलं, पंपानं हवा ओढली, की इंजिनावरचा भार जातो आणि आवाज हलका होतो. तो हलका झाला की पळत जाऊन बंद करायचं, नाहीतर पंपाचं पॅकिंग जळतं. काळोखात पोराला झोप येणार, हे वडिलांना ठाऊक. ते थोड्या थोड्या वेळानं लांबून हाक मारायचे.

"काय म्हणायचे?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"आवाज ऐक रे, म्हणायचे. मी ओ द्यायचो. म्हणजे दोघांनाही कळायचं, दुसरा जागा आहे."

मग त्यांनी एकदम खाकरून, उद्या हीटर प्लग बघायला हवेत, असं काहीतरी म्हटलं आणि गेले. चौदा दिवसांनी मी वर गेलो. सही मागे घेण्याचा विचार आला होता, पण दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या शर्टवर काळा धूर बसला आणि तो विचार लांबला.

त्याच वर्षीच्या एप्रिलपासून बीएस-सहाचे नियम लागले आणि मारुतीनं डिझेल गाड्या करणंच थांबवलं. आप्पांनी ते कात्रण कपाटात ठेवलंय, विम्याच्या कागदांत. गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्यानं नवी डिझेल गाडी घेतली. गावातल्या गावात फिरवली, धुराची गाळणी काजळीनं तुंबली, डॅशबोर्डवर दिवा लागला. हिला मोकळ्या रस्त्यावर चांगलं दामटावं लागतं, तेव्हा ती काजळी आतल्या आत जळते. आप्पा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गॅरेजला गेले. मीही होतो. बॉनेट उघडलं तर इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण. टेकवायला जागाच नाही. तिथल्या पोरानं स्टिअरिंगखाली वायर खुपसली, लॅपटॉपवर आकडे आले.

"आवाज ऐकलास का?" आप्पांनी विचारलं.

"काका, त्याची गरज नाही लागत. कोड येतो."

पोरगा उद्धट नव्हता, खरं तेच सांगत होता. आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवला. परतीच्या रस्त्यात त्यांनी सुमोची फोडसुद्धा केली नाही.

सध्या काम अडलंय ते एका वायसरवर. लाइनमधली हवा काढायचा जो हातपंप असतो, त्याचं वायसर विरघळलंय. त्यामुळे पंप हवा धरत नाही आणि गाडी तीन आठवडे मुकी आहे. नवीन मिळतं ते मापाला बसत नाही. भोसरी झाली, नाना पेठ झाली, तळेगावच्या भंगारवाल्यांकडेही बघून झालं. वाचकांपैकी कुणाकडे जुनं, चांगल्या रबराचं पडून असेल तर कृपया कळवा. एवढं एक काम झालं की गाडी कन्याकुमारीला निघते. फोन मात्र सहानंतर करा. पावणेसहाला आम्ही खाली असतो.