होडीचे लाड, पंपाची सुतळी

शिडाच्या छोट्या होडीची डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिच्यातले स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन धातूंमध्ये खारं पाणी शिरलं की पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जागचा हलत नाही. मग हौशी मालक तो तापवतो, तेल सोडतो, शेवटी ड्रिल मारतो आणि ३१६ ग्रेडचा नवा स्क्रू प्लास्टिकच्या वॉशरवर अलगद बसवतो. काय ते लाड!

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला समुद्र नाही, पण खाराचं कुठे अडलंय? कपाशीवर युरिया अन् औषध फवारणाऱ्या पाठीवरच्या पंपाची गत तीच. नॉझल चोंदतं, वॉशर फुगतं, सांधा पाझरतो. इलाज ठरलेला : सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर सुतळी, अन् "चालते ना बाप्पा!"

होडी गळली तर हौशी माणूस भिजतो, तोही पाण्याने. इथे औषध पाठीवरून उतरतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. रीतसर चौकशी बसली, मास्क-हातमोजे वाटले गेले. भर उन्हात, ओल्या कपाशीत ते घालून दाखवा म्हणावं. आणि पंपाचं वॉशर मागायला गेलं, तर दुकानदार नवा पंपच काढून दाखवतो.